मलकप्पा मामांचा पाय

मलकप्पा मामांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. एवढं एक वाक्य मी माझ्या वडिलांना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. ते ऐकायला आता वडील नाहीत, म्हणून ते आधी इथे लिहून टाकतो. आमची गाडी दम खायची, उचल घ्यायची नाही, ती माझ्यामुळे. आणि दोष मी लावला तो ती चालवणाऱ्या माणसाच्या उजव्या पायाला. त्या वेळी मी वीस वर्षांचा होतो. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून नुकताच बाहेर पडलो होतो आणि हातात पाना धरला की आपल्याला सगळं कळतं असं वाटायचे ते दिवस होते. नकळत झालेली चूक कोणीही पोटात घालतो. पण माझी चूक मला महिन्याभरात कळली होती. त्यानंतरची पंचवीस-सव्वीस वर्षं मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, आणि दुसरा जो शब्द आहे तो लिहायला हात अजून तयार होत नाही.

आमचं घर सोलापुरात, यंत्रमागांच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडखाली गाडी. दोन्ही बाजूंना माग सकाळी सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत खडखडत असायचे. त्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलायला शिकलो होतो. वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि गल्लीतले सगळे जण क्षणभर ओरडतच राहायचे, मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळायचे. शेजारच्या घरातलं तेलुगू भांडण तेवढ्या क्षणात सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. आई घरी टॉवेलच्या कडा शिवायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, ती मशीनवर बसायची आणि घरभर कापसाची लव उडायची. चहाच्या सायीवर लव, शेंगाच्या चटणीत लव, अण्णांच्या भुवयांवर लव. अण्णा म्हणजे माझे वडील. भाकरीचा तुकडा तोडायच्या आधी ते त्यावर एक फुंकर मारायचे, आणि ती फुंकर आमच्यापैकी कोणालाच दिसत नसे, इतकी सवयीची होती. मी आजही जेवायला बसलो की भाकरीवर फुंकर मारतो. बायको हसते. तिला वाटतं, भाकरी गरम आहे म्हणून.

अण्णा आधी ट्रक चालवायचे. पाठीचा मणका दुखावला, तासभर बसणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली आणि ती लग्नांना, देवदर्शनाला भाड्याने द्यायला सुरुवात केली. चालवायला मलकप्पा मामा. ते वळसंगचे. पहिल्या एसटीने यायचे, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, काखेत फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि जवसाची चटणी. घरी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि गाडीशी दोन्ही. आल्या आल्या बोनेटवर तळहात ठेवायचे, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मगच आईच्या हातचा चहा घ्यायचे. होटगी रस्त्याच्या मोकळ्या माळावर त्यांनी मला गाडी शिकवली. मी क्लच झटक्यात सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची आणि ते म्हणायचे, "तप्पु!" कानडीत तप्पु म्हणजे चूक. रागावून नाही म्हणायचे. हसून, लहान मुलाला टप्पल मारावी तसे. "तप्पु झाली तर व्हऊ दे की दत्तू. पर झाली म्हनून सांगावं मानसानं. गाडीला तर कळलेलीच असती."

डिझेल गाळायची रीत त्यांचीच. पंपवाले संपावर जाणार अशी आवई उठली की अण्णा दोन मोठे कॅन भरून शेडमध्ये ठेवायचे. कॅन जुने, तळाला गंज. म्हणून टाकीत ओतताना नरसाळ्यावर कापड धरायचं. ते कापड मलकप्पा मामांच्या जुन्या धोतराचं असे. शेकडो वेळा धुतलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं. डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याची घडी असायची. "नवं कापड न्हाय वापरायचं," ते सांगायचे, "नव्या कापडाचा कापूस सुटतो. धोतराचा सगळा कापूस माज्या अंगावरच झडलाय."

गावच्या जत्रेसाठी मामा तीन दिवस सुट्टीवर गेले. त्यातच संपाची आवई उठली आणि मामा परतले की लगेच लग्नाची भाडी होती. अण्णा म्हणाले, टाकी भरून ठेव. मी डिकी उघडली. धोतराचा तुकडा काळा, चिकट, वास मारणारा. मला तो हातात धरवेना. आईच्या गठ्ठ्यात शिलाई चुकलेले टॉवेल बाजूला काढलेले असत, त्यातला एक मी ओढला. कोरा, जाड, हिरव्या काठाचा. दोन्ही कॅन मी त्यातून गाळले आणि मनात म्हटलं, याला म्हणतात गाळणं. आईने संध्याकाळी विचारलं, "ह्यो टॉवेल कुणी बुडवला रे डिझेलात?" मी म्हटलं, हात पुसले. पहिलं खोटं ते. त्यामागे काही हेतू नव्हता. फक्त बोलणी नको होती.

चार-पाच दिवसांनी मलकप्पा मामा तुळजापूरहून परतले ते चेहरा पाडून. घाटात गाडीने चढ घेतला नाही. पायाखालचं पूर्ण दाबलं तरी ती बैलगाडीच्या चालीने सरकत होती. नवरीकडची चार माणसं खाली उतरली आणि साड्या सावरत घाट चढून गेली. एका म्हाताऱ्या बाईने चढता चढता मामांना म्हटलं होतं, "ड्रायव्हर, तुम्ही बसा आत, आम्ही ढकलतो." हे मामांनीच सांगितलं, आणि सांगताना हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीला भिडलो. एअर फिल्टर काढला, झटकला, पुन्हा बसवला. अॅक्सिलरेटरची केबल पाहिली. ती पूर्ण खेचली जात होती. चारी चाकं उचलून हाताने फिरवली. ब्रेक कुठे धरत नव्हते. डिझेलचा फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरला दोन-चार पांढरे तंतू चिकटले होते. मी ते पाहिले. आमच्या घरात असे तंतू चहावरही असत. मी ते बोटाने पुसले आणि पुढच्या कामाला लागलो. या गल्लीत वाढलो नसतो तर तिथेच थांबलो असतो असं मला अनेकदा वाटतं. नव्या गावचा मेकॅनिक म्हणाला असता, डिझेलात कापूस कुठून आला? मला तो प्रश्न पडलाच नाही.

मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "दत्तू, धूर बगितलास का? चढाला दाबलं की काळा धूर पायजे. तो येईनाच झालाय. हवा कमी पडली तर धूर लई येतो. हिला खायाला मिळंना झालंय. टाकी काडून बगू की एकदा."

टाकी काढायची म्हणजे सगळं डिझेल उपसायचं, गाडीखाली आडवं पडायचं, गंजलेले नट तोडायचे. पूर्ण दिवसाचं काम. आणि खरं सांगायचं तर तो उपाय त्यांनी सुचवला होता, मी नाही. "टाकीत काय असतंय मामा? फिल्टर नवा घातलाय आत्ता," मी म्हटलं.

मग मी अण्णांना शेजारी बसवून सकाळी सकाळी गाडी बाहेर काढली. विजापूर रस्त्याला लागलो, दाबली, आणि गाडी सुटली. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इतकी सुरेख उचल घेतली की अण्णांची पाठ सीटला टेकली. "काय झालंय बे हिला?" ते ओरडले. "पाखरावानी पळायलीय की!" दहा किलोमीटर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी मामा बार्शीचं भाडं करून आले आणि म्हणाले, अर्ध्या वाटेपासून ओढत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा नेली, पुन्हा पाखरू.

तेव्हा मी ते बोललो. शेडमध्येच. मामा नळावर पाय धूत होते, चार हातांवर. गल्लीत माग चालू होते आणि मी सवयीप्रमाणे ओरडूनच बोललो. "अण्णा, गाडीत दोष न्हाई. मामांचा पाय भ्यायलाय. वय झालंय, दाबवत न्हाई त्यांना. मागं ती म्हैस आडवी आल्यापासनं बघा तुम्ही." दोन महिन्यांपूर्वी नळदुर्गच्या अलीकडे खरंच एक म्हैस आडवी आली होती आणि मामांनी करकचून ब्रेक मारला होता. तेवढा पुरावा अण्णांना पुरला. मला आता आठवतं ते असं, की त्याच वेळी वीज गेली. निदान माझ्या शेवटच्या शब्दांपुरती तरी गल्ली शांत होती, कारण पलीकडच्या मागावरच्या माणसाने मान वळवून मामांच्या पायांकडे पाहिलेलं मला स्पष्ट दिसतं आहे.

मामांनी धोतराने पाय पुसले. आधी डावा, मग उजवा. उजवा जरा जास्त वेळ. अण्णा खाली बघत म्हणाले, "मलकप्पा, थोडे दिवस आराम करा. पोरगा चालवंल." मामांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. ती माझ्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली. मग तळहात नेहमीसारखा टेकवला आणि म्हणाले, "आसंल बाबा. मला वाटत हुतं मी दाबतोय. पर पाय आपला आसला म्हनून खरं सांगतोच आसं न्हाय." आईने चहा पुढे केला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला.

आठवड्याने मी अक्कलकोटला माणसं सोडून एकटा परत येत होतो. रस्ता सपाट, दुपारचं ऊन, मागे कोणी नाही. चांगली पळणारी गाडी हळूहळू बसत गेली. मी दाबलं. आणखी दाबलं. पाय तळाला टेकला आणि काटा तिसावर येऊन थांबला. आरशात पाहिलं, मागे धूर नाही. एक मोपेडवाला बराच वेळ माझ्या मागोमाग येत राहिला आणि त्याने विचारलंसुद्धा, "शिकायलास का रं?" मी गाडी बाभळीखाली घेतली, बंद केली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिलो. बोनेट उघडलं नाही. पंधरा मिनिटांनी चालू केली तर पाखरू. काहीही दुरुस्त न करता दुरुस्त झालेली. म्हणजे असं काहीतरी, जे गाडी चालताना ओढलं जातं आणि थांबल्यावर सुटून बाजूला होतं. सकाळी सुटलेलं असतं. अर्ध्या तासाने पुन्हा येऊन बसतं. फिल्टरच्याही आधी, टाकीत. उरलेलं मला तिथेच, गाडीत बसल्या बसल्या कळलं होतं. मी मलकप्पा मामांना जे बोललो होतो ते सकाळच्या दहा किलोमीटरच्या जोरावर.

अण्णा नातेपुत्याला एका लग्नाला गेले होते तो दिवस धरून मी टाकी उतरवली. आतल्या पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी होती आणि जाळीला कापसाचा बोळा वेढून बसला होता, ओल्या पिल्लासारखा. मी तो तळहातावर घेऊन पिळला. राखाडी लव, आणि तिच्यात हिरव्या काठाचे तीन दोरे. खोलीत आईची मशीन चालू होती. मी तो बोळा मुठीत धरून दारापर्यंत गेलो, आईची पाठ पाहिली आणि परत आलो. गटाराच्या कडेला माती उकरून पुरला. टाकी धुतली, बसवली, हात साबणाने तीनदा धुतले.

त्यानंतर गाडी कधीच दमली नाही. अण्णा गल्लीत सांगत सुटले, "माझ्या पोराच्या हाताला गुण हाय. बसला आन् गाडी सरळ झाली." मी ते ऐकून घ्यायचो. जेवण जाईना. रात्री कूस बदलत राहायचो, दिवसा कारण नसताना गाडी धुवायचो. तो हिरव्या काठाचा टॉवेल आईने चार वेळा धुतला तरी वास गेला नाही, म्हणून गाडी पुसायला दिला. काच पुसायला तो रोज माझ्या हातात यायचा. दर आठवड्याला ठरवायचो की रविवारी वळसंगला जायचं. एकदा गावाच्या फाट्यापर्यंत गेलोही. तिथे भजी खाल्ली आणि परत आलो. दरम्यान वळसंगहून येणारे लोक सांगायचे की मलकप्पाने ड्रायव्हिंग सोडलं. कारखान्याच्या गाडीवर बोलावलं होतं तर स्वतःच म्हणाला, माझा पाय भ्यायलाय, माणसं बसवायची जोखीम नको. माझेच शब्द होते ते. ते मी घालवले असते तर दोन मिनिटांत गेले असते. मी गेलो नाही आणि ते त्यांच्या अंगात मुरले.

अण्णा गेले तेव्हा मामा एसटीने आले. मागे बसले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिलो.

आणि मग या वर्षी माझी स्वतःची गाडी दमायला लागली. तीही डिझेल, तीही आता जुनी. ओव्हरटेक करताना दाबावं तर ती विचार करत बसायची. मी आता हे काम करत नाही. पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवतो. गॅरेजमधल्या तरुणाने स्कॅनर लावला, पडद्यावर काही आलं नाही, एक चक्कर मारली आणि फार नम्रपणे म्हणाला, "काका, गाडी ओके आहे. वयानुसार माणूस जरा सांभाळून दाबतो ना, तसं होत असेल."

मला राग आला नाही. कान तापले. मी त्याला बाजूला करून स्वतः वाकलो आणि टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप हाताने चाचपत गेलो. खालच्या बाजूने, क्लिपला लागून, बोटभर चीर होती. वरून दिसत नव्हती. तो बिचारा "सॉरी काका, सॉरी" म्हणत राहिला, चार-पाच वेळा, किती सहज! पाइप बदलून झाला तशी मी गाडी घरी नेलीच नाही. सरळ अक्कलकोट रस्त्याला लागलो.

वळसंगला घराच्या अंगणात मामा बाजेवर बसले होते. ऐंशी पार, अंगाने निम्मे झालेले, धोतर मात्र तसंच पांढरं. सून शेंगा फोडत होती. कडेला नातवाचा नवा पिकअप उभा होता. "म्हातारं त्यात फुडच्या शिटावर बी बसत न्हाय," ती म्हणाली. "म्हनतंय, पाय आपोआप दाबायला जातो आन् भ्या वाटतं." मी बाजेजवळ टेकलो. वाटेत तयार केलेलं सगळं विसरलो आणि हळू आवाजात सुरुवात केली, "मामा, त्या गाडीच्या टाकीत कापूस होता."

"आं? जोरात बोल की रं. कानात काय ऱ्हायलं न्हाय आता."

जे मी गल्लीसमोर ओरडून बोललो होतो ते मला कानात सांगून फेडायचं होतं. ते झालं नाही. "टाकीत कापूस होता मामा! टॉवेलाचा! मी नव्या टॉवेलानं गाळलं होतं!" सुनेचे हात थांबले. भिंतीपलीकडून कोणीतरी डोकं वर काढलं.

"टाकीत?"

"व्हय."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मी म्हनलो हुतो की! टाकी काडा म्हनून! धूर येत न्हवता!" ते सुनेकडे वळले. "बग, मी म्हनलो हुतो." लहान मुलासारखे हसले. मलाही वाटलं, संपलं, सुटलो. मग त्यांनी उजव्या मांडीवर थाप मारली आणि माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "पर पाय बी गेलाच हुता दत्तू. तू म्हनलास ते काय खोटं न्हवतं. त्या वक्ताला माजं मलाच कळलं न्हवतं, तुला कळलं."

मी बाजेवरून खाली जमिनीवर बसलो. त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. थंडगार होता, टाचेला भेगा. आणि गल्लीतले सगळे माग चालू असल्यासारखा ओरडलो, "न्हाय मामा! पाय गेला न्हवता! पायाला काय बी झालं न्हवतं! तुमी बरोबर दाबत होता, गाडीलाच डिझेल मिळत न्हवतं. मला महिन्याभरात कळलं होतं आणि मी गप बसलो, अण्णांना पण सांगितलं न्हाई. तप्पु माझी होती, मामा. मला माफ करा."